शनीवर सुट्टी

शनीचं नाव उगाच तोंडातून काढायचं नाही आणि का म्हणून विचारायचंही नाही, हा ऋजुताच्या घरातला नियम. तिने मात्र कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनात भली मोठी पाटीच लावली: ‘सुट्टीला चला शनीवर! कड्यांचा देखावा फुकट!’

उद्घाटनाला आलेले संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब पाटी वाचून थबकलेच. “आधी काढा ती पाटी! मला साडेसाती चालू आहे, आणि ही पोरगी मलाच शनीकडे धाडतेय!”

त्याच कॉलेजात प्राध्यापक असलेले ऋजुताचे वडील लगबगीने पुढे आले. “ऋजू, मोठ्यांशी वाद नको. दुसरा कुठलाही ग्रह घे.”

महिनाभर खपून केलेलं काम असं उतरवायचं? ऋजुताने कपाळावर हात मारला. “तात्यासाहेब, साडेसाती म्हणजे काय हो?”

“शनी साडेसात वर्षं मानगुटीवर बसतो. एवढंही ठाऊक नाही?”

“म्हणजे सध्या तो तुमच्याकडे मुक्कामाला आहे. मग त्याचं घर रिकामंच की! त्याच्यापासून सुटका हवी, तर सुट्टीला याहून निवांत जागा कुठली?”

पोरं खो खो हसली. वडिलांनी पाटीला हात घातला, तशी ऋजुता आडवी आली. “नाही बाबा. पाटी उतरणार नाही.”

 वडिलांनी पाटीवरचा हात काढून घेतला.