साळुंकीने विसरायचं ठरवलं

प्राणी एकमेकांशी बोलत असत त्या काळात मंजुळा नावाची एक साळुंकी होती. रानातली प्रत्येक बातमी लक्षात ठेवण्याचं काम तिच्याकडे होतं, आणि ती काहीच विसरत नसे.

एकदा तहानलेला ससा डोहावर आला. "मावशी, मगर आज या डोहात आहे का गं?"

"सांगते हं," म्हणत मंजुळेने अगदी पहिल्यापासून सुरुवात केली. "गेल्या उन्हाळ्यात माकडाला शिंका आल्या. मग पाणकोंबडी रुसली. मग कासवाच्या पाठीवर शेवाळ..."

"अगं मावशी, मगर!"

"मधे बोलू नकोस, क्रम चुकतो!"

कंटाळून ससा पाण्याकडे वाकला, तोच मगरीने उसळी मारली. ससा उडी मारून निसटला, पण शेपटीचा झुपका मगरीच्या दातांत राहिला.

मंजुळा फार ओशाळली. तेव्हापासून दर अमावस्येला ती फांदीवर बसून निरुपयोगी बातम्या विसरू लागली. आधी रुसवे गेले, मग शेवाळ गेलं. शिंका गेल्या तेव्हा माकड दोन दिवस फुगून बसलं.

हे ऐकून मगर काठाशी आली आणि गोड आवाजात म्हणाली, "मावशी, माझीही बातमी आता जुनी झाली. तीही विसरून टाक ना."

"टाकते की," मंजुळा म्हणाली. "आधी तू डोह सोड."