टाचेचं दुखणं

बायकोजवळ गेल्यावर विश्वंभरच्या लिंगाला ताठरता येत नसे. घरात हे फक्त त्याच्या बायकोला, कालिंदीला, ठाऊक होतं. त्यासाठी तो शहरात शॉकवेव्हचे, म्हणजे मशीनने लहरींचे हलके धक्के देण्याचे, उपचार घ्यायला जायचा. तेच मशीन टाचदुखीलाही लावतात, असं डॉक्टर बोलता बोलता म्हणाले आणि तेव्हापासून विश्वंभरची टाच दुखू लागली. कुणी विचारलंच तर कालिंदी सांगायची, "टाचेला मशीन लावतात." उपचार संपले, गुण काही आला नाही.

मूल होईना म्हणून विश्वंभरच्या चुलत्यांनी, दादासाहेबांनी, बैठक बोलावली. दादासाहेब माजी सभापती. घरातही हातात माईक असल्यासारखे बोलायचे. कालिंदीचे वडील दाराशी हात जोडून बसले होते.

"आमच्या घराण्यात दोष नाही," दादासाहेब म्हणाले. "वांझ पोरगी आमच्या गळ्यात मारलीत. घेऊन जा. आम्ही दुसरी आणू."

विश्वंभर मान खाली घालून बसला होता. कालिंदीने आधी त्याच्याकडे पाहिलं. मग पदर सारखा करून म्हणाली,

"आणा दादासाहेब. फक्त नवऱ्याच्या दुखण्याला माझ्यासारखी टाच म्हणणारी बघून आणा."

दादासाहेबांनी पुतण्याच्या पायांकडे पाहिलं. मघाशी याच पायांनी तो सतरंज्या खांद्यावर टाकून जिना चढला होता. त्यांनी व्याह्यांसाठी चहा मागवला. दुसरीचा विषय पुन्हा निघाला नाही.

विश्वंभर उठून बाहेर गेला, तो लंगडतच. अजूनही लंगडतो. पण टाच कशी आहे, असं आता त्याला कुणी विचारत नाही.