न बिघडलेल्या अवजाराची दुरुस्ती

एकदा एका शिष्याने न बिघडलेली वस्तू दुरुस्त करायला घेतली आणि तीन दिवसांच्या अखंड परिश्रमाने ती बिघडवून दाखवली. हे काम वाटते तितके सोपे नाही. त्याला बुद्धी लागते, आणि त्या शिष्यापाशी ती भरपूर होती.

त्याचे गुरू म्हणजे टेकडीवर राहणारे एक वृद्ध यंत्रज्ञ. पंचक्रोशीत त्यांच्याविषयी नाना कथा होत्या. बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीकडे त्यांनी एकदा नुसते रोखून पाहिले आणि ती सुरू झाली. एवढेच नव्हे, तर आदल्या दिवशीचे राहिलेले दळणही तिने मुकाट्याने दळून दिले, असे सांगतात. मी स्वतः ते पाहिलेले नाही. पण ज्याने सांगितले तो खोटे बोलत नाही. सहसा.

त्याच गावात अंडी उबवून पिल्ले विकणारा एक व्यापारी होता. त्याच्या खोलीएवढ्या उबवणी यंत्रात एका वेळी नऊ हजार अंडी राहत. ऊब किती ठेवायची, अंड्यांचे ट्रे तासातासाला कसे कलते करायचे, हे सारे एक नखाएवढी चिप पाहत असे. अंडी ठेवल्याच्या आठव्या दिवशी विजेचा दाब अचानक चढला आणि ती चिप जळाली.

नवी चिप आली, पण कोरी. आता इथे थोडे समजून घ्यायला हवे. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम म्हणजे कच्चे तांदूळ. चिपला ते चालत नाहीत, तिला शिजवलेला भात लागतो. शिजवलेला होता तो जुन्या चिपबरोबर जळाला. तांदूळ मात्र शाबूत होते, आणि ते शिजवायचे भांडेही होते. भांडे म्हणजे एक छोटेसे अवजार, काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून चालवायचे. दूरदेशीच्या कुणा एकाने ते घडवले, त्याची आतली सारी रचना जगासाठी उघडी ठेवली, कुणीही पाहावी, बदलावी, फुकट न्यावी. आणि सात वर्षांपूर्वी ‘आता माझ्याच्याने होत नाही, क्षमा असावी’ एवढी एक ओळ लिहून तो गृहस्थ निघून गेला. तेव्हापासून ते अवजार बेवारस.

शिष्य व्यापाऱ्याच्या संगणकासमोर बसला, तेव्हा त्याने गुरूंना निरोप पाठवला होता, “संध्याकाळपर्यंत येतो.” त्याने हुकूम टाइप केला. पडद्यावर तक्रारींचा असा लोंढा वाहिला की कागदावर उतरवला असता तर तो थेट एसटी स्टँडपर्यंत पोचला असता, आणि तिथून बहुधा पुढच्या गाडीत बसला असता. शिष्याने शेवटची ओळ वाचली, अवजाराच्या पोटात हात घातला आणि तिथे एक दुरुस्ती केली. मग पुन्हा शेवटची ओळ. पुन्हा दुरुस्ती. तीन दिवसांत त्रेचाळीस दुरुस्त्या झाल्या.

तिकडे यंत्राशी हौसाक्का होती. वीस वर्षे अंड्यांत गेलेली बाई. ती आणि तिच्या दोघी सोबतिणी थर्मामीटरवर डोळा ठेवून हाताने हीटर चालू-बंद करत होत्या आणि तासातासाला नऊ हजार अंड्यांचे ट्रे हाताने कलवत होत्या. काटा साडेसदतीसच्या आसपास राहायला हवा. कुणाचा डोळा लागला आणि ऊब चढून राहिली, तर कवचातले नऊ हजार जीव कवचातच संपणार. हौसाक्काचे मनगट सुजून कणसासारखे झाले होते.

“काय रे मास्तरा,” ती येता-जाता विचारी, “तुझं ते उबलं का नाही अजून? माझी पिल्लं बाहेर येऊन शाळेत जायची वेळ झाली!”

“जुनाट अवजार आहे, अक्का. बनवणारा बेजबाबदार. अर्ध्यात टाकून पळाला.”

चौथ्या दिवशी सकाळी गुरू स्वतः खाली उतरले. व्यापाऱ्याने त्यांना खुर्ची दिली आणि हात जोडले. “गुरुजी, अकरावा दिवस आहे. बायका थकल्या. आता तुम्हीच हात लावा.”

शिष्याने आपल्या त्रेचाळीस दुरुस्त्या एकेक करून सांगितल्या. गुरूंनी त्या शेवटपर्यंत शांतपणे ऐकल्या. मग म्हणाले, “उत्तम. आता सगळे पुसून टाक.”

“सगळे म्हणजे?”

“सगळे अवजार. तुझ्या दुरुस्त्यांसकट. आणि कर्त्याने इंटरनेटवर ठेवलेली मूळ प्रत पुन्हा उतरवून घे.”

शिष्याचा चेहरा उतरला. व्यापारी खुर्चीवरून उठलाच. “अहो गुरुजी, तीन दिवसांचं काम! बायका तिकडे हात मोडून घेतायत, आणि तुम्ही होतं तेसुद्धा घालवताय?”

“शेठ, चुकीच्या वाटेने तीन कोस गेलेल्या माणसाने ते तीन कोस सांभाळून ठेवायचे नसतात,” गुरू म्हणाले. “पूस रे.”

शिष्याने पुसले. मूळ प्रत उतरवली, हुकूम दिला. पुन्हा तोच लोंढा. शिष्य विजयी मुद्रेने गुरूंकडे पाहू लागला. बिघाड सिद्ध झाल्याचाही एक आनंद असतो.

“आता वर जा,” गुरू म्हणाले. “अगदी वर. पहिली ओळ वाच.”

पडदा वर सरकत राहिला. शेवटी पहिली ओळ आली. तीत म्हटले होते की अमुक फोल्डर सापडत नाही. आणि त्या फोल्डरच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे होती.

“ही कसली चिन्हे?”

“काही नाही, कचरा आहे,” शिष्य म्हणाला. मग जरा थांबून, “मी... इतक्या वर आलोच नव्हतो.”

गुरू व्यापाऱ्याकडे वळले. “शेठ, मागल्या वेळी हे काम झाले ते याच संगणकावर?”

“नाही, नाही. तो जुना होता, यंत्राचा बोर्ड बनवणाऱ्यानंच लावून दिलेला. हा यंदा पाडव्याला घेतला. पूजा केली, नारळ फोडला, आणि पहिल्याप्रथम श्री लिहिला.”

“कुठे लिहिला?”

“आतच! हे काय.” व्यापाऱ्याने अभिमानाने पडद्यावर बोट ठेवले. तिथे एक फोल्डर होते आणि त्याचे नाव होते ‘॥ श्री ॥’. “आमच्याकडे कोऱ्या कागदावरसुद्धा आधी श्री, मग मजकूर. या संगणकातलं सगळं श्रीच्या आत आहे. बाहेर काही म्हणजे काही ठेवत नाही मी. तुमच्या शिष्यालाही सांगितलं, जे काय करशील ते श्रीच्या आत कर.”

गुरू हसले नाहीत. पण त्यांच्या मिशीची एक बाजू हलली, असे हौसाक्का पुढे शपथेवर सांगे. त्यांनी शिष्याकडून त्या फोल्डरच्या बाहेर एक साधे फोल्डर उघडवले, त्याला इंग्रजी लिपीत एका अक्षराचे नाव दिले आणि अवजार व प्रोग्रॅम दोन्ही तिथे हलवायला सांगितले.

“श्रीच्या बाहेर?” व्यापारी कासावीस झाला.

“शेठ, देवळात जाताना आपण छत्री बाहेर ठेवतो. त्यात देवाचा अपमान नाही आणि छत्रीचाही नाही.”

शिष्याने हुकूम दिला. काळा पडदा क्षणभर गप्प राहिला. मग एकच ओळ उमटली: काम पूर्ण झाले.

शिजवलेला प्रोग्रॅम चिपमध्ये गेला. शिष्याने ती बोर्डवर बसवली. हीटर आपोआप लागला, काही वेळाने आपोआप बंद झाला, आणि मग नऊ हजार अंड्यांचे ट्रे कुणी हात न लावता, करकरत, एका बाजूला कलले. हौसाक्का त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिने भिंतीला पाठ टेकली आणि चार दिवसांत पहिल्यांदा खाली बसली.

शिष्य मान खाली घालून उभा होता. “गुरुजी, अवजारात काहीच बिघाड नव्हता?”

“सात वर्षे ज्याला कुणी हात लावला नाही, ते बिघडेल कसे?” गुरू म्हणाले. “लोखंडाला गंज चढतो, लाकडाला वाळवी लागते. हे नुसते लेखन आहे. कर्त्याने ज्या जागी ठेवले त्या जागी ते तसेच उभे आहे. त्याला इंग्रजी लिपी तेवढी वाचता येते. हललो आपण. संगणक बदलला, घर बदलले, दारावरची पाटी बदलली. आणि त्याला आपले दार सापडेना, तेव्हा आपण त्याचेच पोट फाडत बसलो. टाकून दिलेल्या वस्तूशी बिनसले, तर ‘तुला काय झाले?’ हे नंतर विचारावे. ‘मी कुठे सरकलो?’ हे आधी.”

शिष्याने नमस्कार केला आणि आपली पिशवी उचलली.

“कुठे निघालास? काम राहिले आहे. त्या अवजाराच्या पानावर लोकांची गाऱ्हाणी आहेत, ती काढ.”

गाऱ्हाणी एकतीस होती. एकालाही उत्तर नव्हते. सतरावे होते थायलंडातल्या कुणा अळिंबी पिकवणाऱ्याचे, पाच वर्षांपूर्वीचे. त्याचीही पहिली ओळ तशीच, नावाच्या जागी प्रश्नचिन्हे. खाली मोडक्या इंग्रजीत लिहिले होते: खोलीतली हवा रोज हाताने सांभाळतो आहे, कुणाला कारण ठाऊक असेल तर कृपा करावी.

“याने आपल्या भाषेत फोल्डरला नाव दिले असणार,” शिष्य हळूच म्हणाला. “पण गुरुजी, पाच वर्षे झाली. अळिंबी कधीच कुजली असेल. आता लिहून त्याला काय उपयोग?”

“त्याला नसेलही. तू हे गाऱ्हाणे आधी पाहिले होतेस?”

“पहिल्याच दिवशी,” शिष्य म्हणाला. “उत्तर नव्हते, म्हणून पुढे गेलो.”

गुरूंनी भिंतीशी बसलेल्या हौसाक्काच्या सुजलेल्या मनगटाकडे पाहिले.

शिष्याने पिशवी खाली ठेवली आणि लिहायला बसला. काय होते, का होते आणि काय करावे, अशा तीन ओळी. लिहून झाल्या तशा पुन्हा वाचल्या आणि घाईत सुटलेला एक शब्द घातला.

“कुणाला लिहितोयस रे एवढं?” हौसाक्काने बसल्या जागेवरून विचारले.

“ओळखीचा नाही, अक्का.”

“मग आणखी नीट लिही,” ती म्हणाली. “ओळखीचा असता, तर नाही समजलं म्हणून परत विचारायला तरी आला असता.”