पाणवठ्यावरचा ओळखीचा आवाज

फार पूर्वी एका जंगलात सगळ्यांचा मिळून एकच पाणवठा होता. तिथे येणाऱ्या एका धनेश पक्ष्याची बायको दोन पिल्लांसह झाडाच्या ढोलीत होती. पिल्लं सुरक्षित राहावीत म्हणून ढोलीचं तोंड मातीनं लिंपलेलं होतं आणि चोच जाईल एवढीच फट उरली होती. त्या तिघांचं खाणं धनेशाच्याच भरवशावर होतं.

एकदा धनेश पाणी पीत असताना झुडपामागून त्याच्या भावाचा आवाज आला, "दादा, किती दमलास रे. ढोली कुठल्या झाडात आहे ते सांग. आज फळं मी पोचवतो."

धनेशाला बरं वाटलं. तो सांगणार, तेवढ्यात एक म्हातारं कासव जवळ येऊन हळूच म्हणालं, "थांब बाळा. तुझा भाऊ सकाळीच डोंगरापलीकडे गेला. मी पाहिलंय त्याला."

"भाऊ असशील तर समोर ये," धनेश म्हणाला.

झुडूप हललं आणि एक उदमांजर शेपूट खाली घालून पळालं. धनेश कासवाकडे वळला.

"मग इथं पाणी प्यायला येऊच नको का?"

"ये की. पाणी सगळ्यांचं आहे," कासव म्हणालं. "पण इथं ऐकणारेही सगळेच असतात."

पिल्लं उडू लागल्यावर धनेश त्यांना घेऊन कासवाकडे आला. बायकोनं कासवापुढे पिकलेलं उंबर ठेवलं. "मी आत कोंडलेली होते, आजोबा. तुम्ही बाहेर होतात, म्हणून ही दोघं आज आकाश बघताहेत."

कासवाचे डोळे भरून आले. "नावं काय ठेवलीत गं?"

पाणवठ्यावर गर्दी होती. तिनं वाकून ती कासवाच्या कानात सांगितली.