आत्याची खोटी जळू

फार फार पूर्वी, बातम्यासुद्धा पायी चालत येत त्या काळी, एका तळ्याकाठी एक भोई राहायचा. मासे धरण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि संतापण्यातही नव्हता. चुलीवरच्या तव्याला तापायला वेळ लागे, याला लागत नसे.

त्या उन्हाळ्यात त्याची लेक माहेरी बाळंत झाली आणि अंथरुणाला खिळली. वैद्य म्हणाला, "पोरीच्या अंगात रक्त उरलं नाही. मरळीचा रस्सा पोटात गेला तर उठेल."

तळं आटत आलेलं. मरळ तळाशी दडून बसलेली, गांडुळाकडे ढुंकूनही बघेना. चार दिवस भोई रिकाम्या हाताने परतला आणि चारही दिवस घरच्यांवर आग पाखडत राहिला. मासा मिळेना यात घरच्यांचा काय दोष? पण रागाला एवढं कुठलं कळायला!

शेवटी नाक मुठीत धरून तो आत्याकडे गेला. तिच्याशी त्याने तीन वर्षं अबोला धरला होता. कशावरून, ते त्यालाही धड आठवत नव्हतं.

आत्याने काळ्या शेळीच्या शेपटीचे चिमूटभर केस घेतले, गळाच्या दांडीला दोऱ्याने आवळले आणि टोकं मोकळी सोडली. घागरीत बुडवताच केस जिवंत जळवेसारखे वळवळले.

"एवढंच?" भोई खेकसला. "थट्टा करतेस माझी?"

"एवढंच! तळाला जाऊ दे. वीतभर ओढ, मग थांब. मरळ आधी या खोट्या जळवेच्या शेपटीला तोंड लावून बघते, तेव्हा हलू नकोस. तिने गिळली की दोरी आपोआप ताणते. आणि तुझा तो राग काठावर ठेवून जा, मेल्या!"

भोयाने गळ टाकला. वीतभर ओढला. दोरीला हलकासा धक्का लागला आणि याने खाडकन हिसका दिला. मासा पळाला. पुन्हा टाकला, पुन्हा हिसका. तिसऱ्यांदाही तेच.

"थेरडीने फसवलं मला!" असं ओरडत त्याने काठी गळासकट पाण्यात भिरकावली आणि पाठ फिरवली.

जळू सावकाश तळाला गेली. आता तिला ओढणारं कुणी नव्हतं. इतक्यात मागे पाणी खळबळलं. भोयाने वळून पाहिलं, तर हातभर मरळ त्याची काठी ओढत तळ्याच्या मधोमध निघाली होती. तो धावला, गुडघाभर चिखलात रुतला आणि काठी लव्हाळ्यात दिसेनाशी होताना बघत राहिला.

संध्याकाळी लेकीपुढे पुन्हा पेजेची वाटी आली.

"बाबा, मिळाली का मरळ?"

"मिळाली होती, पोरी. मीच फेकून दिली."

पुढचे दोन महिने लेक उठली नाही. तिच्या बाळाला शेजारणीने पाजलं. त्या भोयाचा मला अजून राग येतो, पण तो मी काठावरच ठेवते.

तात्पर्य : रागाचा हिसका दुसऱ्याला बसो न बसो, आपल्या हातातलं मात्र घेऊन जातो.