कातारणीचे खांब

फार जुन्या काळी घडलेली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी जरा जास्तच कान देऊन ऐकावी.

नदीकाठच्या एका राज्यात एक राजा होता. त्याच्या जिवाला म्हणून स्वस्थता नव्हती. जेवताना, झोपताना त्याचं निम्मं लक्ष नदीपलीकडे असायचं. तिथला राजा सारीपाटाच्या सोंगट्या घडवणारे कारागीर गोळा करत होता. मग आपला राजा कसा मागे राहील? त्याने दवंडी पिटवली, "सोंगट्यांचा जो कारागीर बाहेरून येईल, त्याला कर माफ!"

गाड्या भरभरून कारागीर आले. त्यामुळे खजिना आटू लागला, तेव्हा जुन्या कारागिरांचा कर वाढला.

त्यांत सगुणा नावाची कातारीण होती. फिरत्या लाकडावर पटाशी धरून ती सोंगटी घडवायची. त्या कामाच्या सांगाड्याचे खांब जमिनीत खोल पुरावे लागत. सांगाडा जरा हलला तरी सोंगटी वाकडी होई. तिचे खांब तिच्या सासूने पुरलेले होते.

ती दरबारात गेली. "महाराज, आम्हाला का नाही माफी?"

राजा हसला. "अगं, तू कुठे जाणार आहेस?"

ते शब्द तिला फार लागले.

नव्या कारागिरांनी मात्र खांब पुरलेच नाहीत. सांगाडे गाडीवरच, बैल जुंपलेले. पलीकडून बोलावणं आलं की ते राजाला सांगत, राजा घाबरून आणखी काही देई, आणि सगुणेचा कर पुन्हा वाढे. शेवटी एका सकाळी तिने रडत रडत खांब उपटले आणि नदी ओलांडली.

पलीकडचा राजा खूश झाला. "नवी आलीस? कर माफ!"

"आणि जुनी झाल्यावर?" सगुणेने विचारलं. तो राजा दुसरीकडे बघू लागला.

मग तिनेही खांब पुरले नाहीत, गाडीवरच काम धरलं. जिची सोंगटी वाऱ्यातही पडत नसे, तिच्या हातून आता एकही धड उभी राहीना. सगुणेला स्वतःच्या हातांची लाज वाटू लागली.

इकडे बाकीचे जुने कारागीरही पांगले आणि नवे तिसऱ्याच राज्यात निघून गेले. तिचा जुना राजा घाईघाईने नदी ओलांडून तिच्याकडे आला. "सगुणे, परत ये! नवी म्हणून घेतो तुला, कर माफ!"

"माफी नको, महाराज. खांब पुरल्यावर दुसऱ्यांचा कर माझ्या डोक्यावर घालणार नाही, एवढं वचन द्या."

राजा तोंड उघडणार, इतक्यात हेर धावत आला. "महाराज, तिसऱ्या राज्यात आता जमीनही फुकट देतायत!"

राजाची चुळबुळ सुरू झाली. "थांब हं, आलोच," म्हणत त्याने घोड्यावर टांग टाकली. सगुणेने थोडी वाट पाहिली, मग बैल दुसऱ्याच वाटेला हाकले.

तेव्हापासून त्या जुन्या राजाच्या राज्यात सारीपाट मांडला की लोक सोंगट्यांऐवजी चिंचोक्यांनी खेळतात. राजासुद्धा. आणि खेळतानाही त्याची नजर नदीपलीकडेच असते.

आपल्याजवळ टिकून राहिलेल्यालाच गृहीत धरून जो जाणाऱ्यांची मनधरणी करतो, त्याच्याजवळ शेवटी कुणीच टिकत नाही.