पायलटच्या होडीची लांबी

चाच्यांनी पळवलेल्या जहाजावर बावीस खलाशी अडकले होते. त्यांना सोडवायला पाच देशांच्या युद्धनौका बंदरात जमल्या आणि नेतृत्व रिअर अ‍ॅडमिरल मयेकरांकडे आलं. त्यांची सारी नोकरी याच समुद्रात गेली होती. पहिल्याच बैठकीत परदेशी कॅप्टन हार्लन खुर्चीत रेलून म्हणाले, "माझं जहाज तुमच्या दुप्पट लांब आहे. मी तुमचे हुकूम का ऐकावेत?"

मयेकरांनी राग गिळला. "सकाळी बंदरात शिरताना सुकाणू कोणाच्या सांगण्यावरून फिरवलंत?"

"छोट्या होडीतून वाट दाखवायला येतो, त्या बंदराच्या पायलटच्या. इथलं पाणी त्यालाच ठाऊक."

"मग त्याच्या होडीची लांबी विचारलीत का?"

बैठकीत हशा पिकला. हार्लन ओशाळले आणि नकाशा पुढे ओढून म्हणाले, "सांगा, माझं जहाज कुठे उभं करू?"

तिसऱ्या दिवशी सगळे खलाशी सुखरूप सुटले.